आमचे मालक विहिरीत उतरले तो दिवस

आमचे मालक गावच्या सोसायटीत शिपाई होते. शेतकऱ्यांना खत-बियाणं देणारी ती सहकारी सोसायटी. सकाळी कुलूप काढायचं, ओटा झाडायचा, संचालक मंडळी जमली की हॉटेलात चहा सांगून यायचा आणि गोदामातल्या पोत्यांना उंदीर लागू द्यायचे नाहीत, असं त्यांचं काम. चेअरमन बोलायला लागले की हे खांबाला लागून उभे राहायचे. खांब कुठला आणि माणूस कुठला ते लांबून कळायचं नाही. कुणी काहीही म्हणालं तरी यांचं उत्तर एकच, "व्हय साहेब." माझी मोठी जाऊ मला चिडवायची, "तुझ्या नवऱ्याला 'व्हय साहेब' सोडून तिसरा शब्द येतो का गं?"

मी हसायची. मला तरी कुठं येत होता? चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, अजूनही फुटत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या घरात मोठ्यानं बोलणाऱ्या फक्त शेळ्या होत्या.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आमचं गाव आष्टीच्या बाजूचं, पाण्याची तशीही वानवाच. नदीत वाळू, आणि बोअर चालू केला की नुसता फुसकारा यायचा. गावची मोठी विहीर एकच, सोसायटीच्या समोर, रस्त्याला लागून. ती होळीच्या आधीच आटली. मग चेअरमननी तालुक्याला खेटे घालून टँकर मिळवला. टँकर यायचा आणि आणलेलं सगळं पाणी त्या विहिरीत सोडून जायचा. मग आम्ही बायकांनी दोर आणि पोहऱ्यानं ते परत वर ओढायचं. बाहेरच्या माणसाला हे येडेपणाचं वाटेल. पण टँकरच्या नळीखाली हंडे लावायला गेलं की डोकी फुटतात. विहिरीत ओतलं की जिला जेवढं ओढवेल तेवढं तिचं, भांडण कमी.

अडचण एवढीच होती की टँकरचा पाइप तोकडा होता. कठड्यामुळं गाडी विहिरीच्या तोंडाशी येईना आणि बरंचसं पाणी बाहेर मातीत जिरायचं. मातीत जाणारं ते पाणी बघून बायका कळवळायच्या. शेवटी चेअरमन म्हणाले, रस्त्याकडचा कठडा पाडा. गड्यांनी पहारी आणल्या आणि बैलगाडी आत जाईल एवढी खिंड पाडली. आमच्या मालकांनीही दगड वाहिले. टँकर आला की खिंडीतल्या बाभळीच्या काट्या काढायच्या आणि तो गेला की परत आडव्या लावायच्या, हे काम सोसायटीचा शिपाई म्हणून यांच्याकडं आलं.

पण झालं असं की ती खिंड आम्हा बायकांना आवडली. कठड्यावरून वाकून ओढताना पोटात दगड रुततो. खिंडीत उभं राहिलं की पाय रोवून सरळ ओढता येतं. टँकर गेल्यावर हे काट्या घेऊन यायचे, तर बायका म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या भावजी, आमचं भरून झाल्यावर लावा." हे मान हलवून काट्या बाजूला ठेवायचे. म्हणणाऱ्यांत मी नव्हते, पण खिंडीत उभी राहून भरणाऱ्यांत होते.

त्या दिवशी टँकर दुपारी आला. तो गेला आणि आमची खिंडीत झुंबड उडाली. तेवढ्यात रस्त्यानं ऊसतोडवाल्यांच्या गाड्या आल्या. उसालाच पाणी नाही, म्हणून त्या वर्षी कारखान्याचा पट्टा लवकर पडला होता, म्हणजे हंगाम आटोपला होता. तोडीची माणसं बैलगाड्यांनी आपापल्या गावाला परतत होती. गाड्यांवर पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, झोपलेली लेकरं आणि बैलांपुरते उसाच्या शेंड्यांचे भारे. सोसायटीच्या लिंबाची सावली बघून त्यांनी तिथं गाड्या सोडल्या.

शेवटची गाडी एक बाई हाकत होती. तरणी, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोवलेला. मागं तिचा नवरा पाय लांब करून पडला होता आणि पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. ऊस तोडताना कोयता घोट्याशी लागला होता, पाय टेकवत नव्हता. ती खाली उतरली आणि आमच्याजवळ येऊन म्हणाली, "माय, बैलांना बादलीभर पाणी मिळंल का? सकाळधरनं तोंडाला न्हाई त्यांच्या."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझी जाऊ म्हणाली, "बाई, हितं माणसांचीच मारामार हाय. तुमी कुठल्या?"

"उमापूरच्या अलीकडच्या. लई लांब जायचंय अजून."

"मग तुमाला प्यायला देतो. लेकराबाळांना देतो. जनावराचं न्हाई जमायचं, चेअरमन बसलेत तिथं ओट्यावर."

ती मागं फिरली आणि बैल सोडायला लागली.

टँकरचं पाणी गळून रस्त्यापासून खिंडीपर्यंत चिखलाचा पट्टा झाला होता. तहानलेल्या जनावराला ओलीचा वास लांबून येतो. तिनं जू उतरवलं मात्र, तिच्या जोडीतला पांढरा बैल कासरा हिसकून त्या चिखलाकडं आला. मान खाली घालून चिखल चाटायला लागला. चाटत चाटत आमच्या मागं आला. आम्ही सगळ्या विहिरीकडं तोंड करून. कुणाच्या तरी पाठीला त्याचा श्वास लागला आणि ती किंचाळली. मग सगळ्याच किंचाळल्या, बाजूला पळाल्या, हंडे दगडावर आपटले. बैल त्या आवाजानं बिथरला. वळायला गेला, ओल्या दगडावरून त्याचे मागचे पाय सटकले, आणि तो खिंडीतून मागच्या मागं विहिरीत गेला.

खालून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही.

मी वाकून बघितलं. बैल जिवंत होता. टँकरच्या पाण्यानं त्याला झेललं होतं. पोटापर्यंत पाणी, खाली गाळ, खांद्यावरून रक्त ओघळत होतं. तो डोकं फिरवून शिंगं भिंतीवर मारत होता आणि हंबरत होता. पाणी बघता बघता लाल-काळं झालं.

सगळं गाव गोळा झालं. तोडीवाल्यांपैकी कुणीतरी दोर आणले. गावातला एक जण त्या जखमी गड्यावर ओरडला, "बैल मोकळा कावून सोडला बे? डोळे हायेत का न्हाई?"

"सोडला न्हाई दादा, सुटला," तो गाडीवरूनच हात जोडून म्हणाला.

"आता हे पाणी कुणी प्यायचं? तू पिणार का?"

चेअरमन ओट्यावरून उतरून आले. माणूस वाईट नव्हता. टँकरसाठी त्यांनी किती धुळीत गाडी घातली ते गावानं पाहिलं होतं. ते खाली वाकून बघून म्हणाले, "आता असं करा. आधी बायांना हाय ते पाणी भरून घेऊ द्या. गाळून वापरतील. पाणी कमी झालं की बैल काढायला बी सोपं जाईल."

ऐकायला बरोबर वाटलं. माझ्याही मनात आलं, बरोबर आहे. पण ती बाई त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "साहेब, ते गाळात रुतलंय. पाणी काढूस्तोर त्याच्या पायातला दम जाईल. एकदा खाली बसलं की नाक पाण्यात जाईल त्याचं. पाया पडते तुमच्या, आत्ताच काढा. जोडीतला एक गेल्यावर दुसरा घेऊन मी काय करू? हा माणूस तर गाडीत पडलाय."

"बाई, काढायचं म्हणजे खाली माणूस उतरला पाहिजे," चेअरमन म्हणाले. "बैलाच्या पोटाखालून दोर घालायला पाहिजे. ते शिंगं मारायलंय. खाली गेला तो भिंतीत चिणला जाईल. कोण उतरंल?"

त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. आमच्या गावातले पैलवान, ज्यांच्या मिशांची आम्हाला भीती वाटायची, ते पाण्याकडं बघत राहिले. तोडीवाल्यांत दोन म्हातारे होते, ते आपल्या हातांकडं बघायला लागले. कुणाला दोष द्यावा असं ते नव्हतं.

तेव्हा त्या बाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला आणि ती खिंडीच्या कडेला खाली बसली. पाय आत सोडले. उतरायलाच लागली. एक म्हातारी धावली आणि तिचा दंड धरला, "आगं, लेकरं हायेत तुला!"

आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "साहेब, कठडा आपण पाडलाय."

आवाज कुणाचा ते मला पटकन कळलं नाही. आमच्या घरातला आवाज असूनही कळलं नाही. चेअरमनही इकडं तिकडं बघायला लागले. मग परत, जरा मोठ्यानं, "कठडा आपण पाडलाय, साहेब. बैलाची चूक न्हाई. त्यांची बी न्हाई. काट्या लावायचं काम माझं व्हतं, आज मी लावल्या न्हाईत."

मालक माणसांच्या मागून पुढं आले होते. हात नेहमीसारखे पोटावर एकात एक धरलेले. पण बोलणं थांबलं नव्हतं. बायकांनी लावू दिल्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही सगळ्या तिथंच उभ्या होतो, माझी जाऊ माझ्या शेजारी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

चेअरमन म्हणाले, "काय बे, तुला आजच बोलायचं सुचलं का?"

"व्हय साहेब," हे म्हणाले. आणि कमरेची किल्ली काढून गोदामाकडं गेले. परत आले ते रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा घेऊन.

"आरं, सोसायटीची पोती हायेत ती!" चेअरमन ओरडले.

"व्हय साहेब," म्हणून त्यांनी गठ्ठा खिंडीजवळ टाकला आणि सदरा काढला.

गर्दीत कुणीतरी हसलं. मी मात्र गर्दीतून पुढं सरकले. एक तर आमच्या घरी बैल कधीच नव्हता, शेळ्यांच्या पुढं यांना जनावराची सवय नव्हती. पोहायला येत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, जाऊ नका. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं मुद्दामच बघितलं नाही.

त्यांच्या कमरेला एक दोर बांधला. ऊस बांधायचे दोन जाड दोर त्यांनी खांद्यावर घेतले, पोती एका फासात अडकवली. विहिरीच्या भिंतीतून पायरीसाठी दगड पुढं काढलेले होते, पण ते अर्ध्यापर्यंतच. तिथून खाली दोरानं लोंबकळत जायचं. कमरेचा दोर दोन गड्यांनी धरला होता. मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी त्यांच्या मागं जाऊन त्या दोराचं टोक हातात घेतलं. परक्या गड्यांच्या मागं अशी उभी राहायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. पदर डोक्यावरून घसरला तो तसाच राहिला.

मी उभी होते तिथून वाकलं की विहिरीचा तळ दिसत होता. यांचं डोकं मी वरून कधी बघितलं नव्हतं. मध्ये केस विरळ झालेले, मानेवर उन्हाची काळी रेघ आणि तिच्या खाली एकदम गोरी पाठ. ती पाठ बैलाच्या दिशेनं खाली खाली जात राहिली.

ते पाण्यात उतरले तसा बैलानं अंग फेकलं. मालक भिंतीवर आदळले आणि पाण्याखाली गेले. दोर माझ्या हातात ढिला पडला. ढिल्या दोराला वजन नसतं, हे मला त्या वेळी जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं.

मग डोकं वर आलं. खोकला आला. आणि खालून ते म्हणाले, "बरं हाय. काय न्हाई."

ती बाई खिंडीच्या कडेला पालथी पडून खाली बघत होती. ती बैलाशी बोलायला लागली, "हो राजा, हो. हितंच हाय मी. हो माज्या राजा." आणि मधूनच यांच्याशी, "दादा, शिंगाम्होरून जाऊ नका. मागून बी नगं. बाजूनं या. मानंखाली हात घाला त्याच्या. खाजवा. घाबरू नका."

"घाबरलोय मी," खालून यांचा आवाज आला.

वरचे लोक हसले, त्या बाईच्याही तोंडावर हसू आलं. "त्ये बी घाबरलंय दादा. दोघं बी सारखेच. हात घाला."

त्यांनी हात घातला. बैल थरथरत होता, त्याची कातडी वरून हललेली दिसत होती. हे त्याच्या मानेखाली खाजवत राहिले, मग हळूच गाल त्याच्या मानेला टेकवला आणि तसेच उभे राहिले. ती बाई वरून बोलत राहिली आणि खाली हे दोघं एकमेकांना टेकून उभे. बैलाचं हंबरणं कमी झालं. गळ्यातल्या गळ्यात एक बारीक आवाज राहिला.

आता अवघड काम होतं. पुढच्या पायांच्या मागून एक आणि मागच्या पायांच्या पुढून एक, असे पोटाखालून दोर घालायचे. कातडी सोलू नये म्हणून दोराखाली पोती. त्यासाठी त्या घाण पाण्यात पूर्ण बुडून बैलाच्या पोटाखाली जायला लागणार. बैल त्या वेळी खाली बसला असता, तर वरून कुणी काही करू शकलं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांनाही होतं. त्यांनी एकदा वर आभाळाकडं बघितलं, नाक दाबलं आणि बैलाच्या पोटाखाली गेले.

पहिला दोर निघाला. दुसऱ्या वेळी दोर हातातून निसटला, हे वर येऊन श्वास घेऊन परत गेले. लहानपणी भीतीनं अंधाऱ्या खोलीत कधी एकट्यानं पाऊल टाकलं नव्हतं असं मी ज्यांच्याबद्दल ऐकून होते, तोच माणूस मी बघत होते. एकदा जाणं झटक्यात होतं. खाली काय आहे ते कळल्यावर परत जाणं वेगळं.

दुसरा दोरही बाहेर आला. त्यांनी गाठी मारल्या आणि वर हात केला.

खिंडीच्या कडेला लाकडी वासा आडवा टाकून त्यावरून दोर घेतले, दगडावर घासून तुटू नयेत म्हणून. दोरांची टोकं तोडीवाल्यांच्या बाकीच्या बैलजोड्यांना जुंपली. गावातला एक म्हातारा, ज्यानं तरुणपणी मोट हाकली होती, तो पुढं झाला. "मोटंवानी सावकाश चालवा रे. हिसका द्याल तर दोर तुटंल."

"तू वर ये आधी!" चेअरमन यांना खाली ओरडून म्हणाले. मला त्यांचा तो आवाज अजून आठवतो, त्यात राग नव्हता.

"भिंतीतल्या दगडात आडकंल साहेब. मी खालून ढकलतो."

बैल वर निघाला. त्याच्या अंगावरून पाण्याच्या धारा यांच्या डोक्यावर पडत होत्या. वर ओढणाऱ्या जोड्या रस्त्यावर गुडघे वाकवून पुढं सरकत होत्या, गडी दोराला लागले होते, बायकाही लागल्या होत्या. माझी जाऊ सगळ्यांत पुढं, "ओढा रं, भाकरी खाल्ली न्हाई का!" असं गड्यांनाच ओरडत. मी माझा दोर सोडला नाही. मी फक्त खाली बघत होते. आता बैल यांच्या बरोबर डोक्यावर होता. हे दोन्ही हात वर करून त्याचे लोंबते पाय भिंतीच्या दगडापासून बाजूला ढकलत होते. दोर कुरकुरत होते. सगळं आभाळ त्या बैलानं झाकलं असेल त्यांना. ते बाजूला झाले नाहीत. बाजूला व्हायला तिथं जागाही नव्हती, पण मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि त्या तोंडावर पळायचं काही नव्हतं.

मी देवळात जाते, हात जोडते. पण छाती अशी भरून येणं, श्वास घ्यायचा विसरणं, हे मला देवापुढंही कधी झालं नाही.

बैलाचे पुढचे पाय वाशावर आले. मग एकदम पंधरा-वीस हात त्याला लागले आणि तो खिंडीबाहेर येऊन आडवा पडला. सगळे त्याच्याभोवती. ती बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, तिचा नवरा लंगडत, पडत तिथं आला. "पाय मोडलाय का बघा." "श्वास चालू हाय." "बाजूला व्हा, वारा येऊ द्या." कमरेचा दोर धरणारे दोघंही तिकडं धावले.

मी एकटीच राहिले, आणि माझ्या हातातला दोर हलला. एकदा, मग परत एकदा. अगदी हळू, कुणाला त्रास नको अशा बेतानं. खाली माणूस होता आणि गाव त्याला विसरलं होतं.

तेव्हा मी ओरडले. "आवं, आमच्या मालकांना वर घ्या की!" एवढ्या माणसांत ते माझं पहिलं बोलणं. लोक दचकले आणि पळत आले.

ते वर आले तेव्हा दाढेवर दाढ आपटत होती, ऊन असताना. खांदा काळानिळा झाला होता. शेण-चिखलानं अंग माखलेलं. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. सरळ बाजूला पडलेल्या बाभळीच्या काट्या उचलल्या आणि खिंडीत आडव्या लावायला लागले. कुणीच "ऱ्हाऊ द्या" म्हणालं नाही.

त्या बाईला मी आमच्या हंड्यातलं पाणी दिलं. तिनं बैलाच्या तोंडावर शिंपडलं, बाकीचं त्याला पाजलं. उन्हं कलली तरी तो उठेना. मग उठला, पडला, परत उठला. मागच्या डाव्या पायावर भार देत नव्हता. तोडीवाल्यांनी सोसायटीच्या आवारातच मुक्काम टाकला. चेअरमननी हरकत घेतली नाही.

गाव काही त्या दिवशी एकदम बदललं नाही. पुढचा टँकर येईपर्यंत ते पाणी चार पदरी गाळून, उकळून वापरावं लागलं. आडून बोलणाऱ्या बायका होत्याच, "शेणाचं पाणी कुणामुळं?" एका म्हातारीनं मात्र सगळ्यांसमोर ते गाळलेलं पाणी तांब्याभर पिऊन दाखवलं आणि म्हणाली, "माझ्या उभ्या जल्मात मी यापेक्षा घाण पाणी प्यालेय, आन् त्यात बैल बी नव्हता." चेअरमननी यांना काही दिवस कामावर बोलावलं नाही. मग एके सकाळी निरोप आला, गोदामाचं कुलूप कुणाला उघडत नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं तर त्यांना भाकरी मोडता येईना. मी भाकरी कालवणात कुस्करून दिली.

मी विचारलं, "भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं."

"मग कावून उतरलात?"

"ती बाई उतरायला लागली व्हती," ते म्हणाले. "तिला वाटलं आसंल, ह्या गावात माणूसच न्हाई."

एवढंच बोलले आणि झोपले.

सकाळी तोडीवाल्यांच्या गाड्या निघाल्या. रात्रभर त्या बाईनं बैलाचा पाय शेकला होता. एका म्हाताऱ्यानं आपला जादाचा बैल तिच्या गाडीला दिला होता, आणि पांढरा बैल मागं बांधला होता. ती निघताना सगळीकडं बघत होती. "दादा कुठं हायेत? पाया पडायचं व्हतं." मी सोसायटीत बघून आले, ओट्यावर बघितलं, हे कुठंच नव्हते. शेवटी ती वाकून माझ्याच पाया पडली. मी तिला धरलं. तिनं गाडीवरून हिरव्या शेंड्यांचा एक भारा काढून माझ्यापुढं ठेवला. त्या दिवसांत तसा चारा म्हणजे काय, ते दुष्काळ काढलेल्यालाच कळेल. मी नको म्हणाले. ती ऐकायला थांबली नाही.

गाड्या रस्त्याला लागल्या. मी भारा डोक्यावर घेऊन वळले तर गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, हे उभे. पाया पडायला येतील म्हणून लपले होते. मला बघितलं तरी हलले नाहीत. त्यांची नजर शेवटच्या गाडीमागं चालणाऱ्या बैलाच्या पायांवर होती. बैलाचं एकेक पाऊल पडताना यांची मान बारीक हलत होती.

"टेकवतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "बघ, मागचा पाय टेकवतोय."

मी गाडीकडं बघितलं नाही. मी यांच्याकडं बघत उभी राहिले, डोक्यावर भारा तसाच. नवीन नवरी चोरून बघते तसं. ते बैल दिसेनासा होईपर्यंत बघत होते, आणि तोवर मला बघायला मिळालं.